संगणकातली खोती कधी संपणार?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत विहाराच्या मागच्या खोलीत आमचे कार्यकर्ते अभ्यासिका चालवतात. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून तिथे एक जुना संगणक दिला आहे. गेल्या वर्षी वाडीतली बारावी झालेली एक मुलगी जात पडताळणीचा अर्ज भरण्यासाठी त्या संगणकावर बसली. आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचा जातीचा दाखला, शपथपत्र ही सगळी कागदे जोडून तिला एक पीडीएफ करायची होती. अर्ज केल्याची पावती दुसऱ्या दिवशी कॉलेजात द्यायची होती.

पीडीएफ जोडण्याचे सॉफ्टवेअर तिने इंटरनेटवर शोधले. एक पान उघडले. त्यावर हिरव्या रंगाचे मोठे ‘डाउनलोड’ होते. तिने ते दाबले. पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री. सॉफ्टवेअर आले, पण तिला हवे ते नव्हे. ब्राउझरचे पहिले पान बदलले, पडद्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला आणि ‘तुमच्या संगणकात विषाणू आहेत, पैसे भरा’ अशी पाटी झळकू लागली. सकाळच्या पहिल्या एसटीने ती वडिलांसह आमच्या कार्यालयात आली तेव्हा रडवेली झाली होती. “काका, मी तर फक्त डाउनलोड दाबलं,” एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

अर्ज त्या दिवशी कसाबसा गेला, पावतीही मिळाली. वडिलांची मजुरी मात्र बुडाली. त्याहून जास्त लागले ते बाकावर बसलेल्या एका गृहस्थाचे बोलणे. ते म्हणाले, “येत नाही तर हात कशाला लावायचा?” वाचक हो, हे वाक्य आपल्या समाजाने विहिरीवर ऐकले, शाळेच्या दारात ऐकले, आता संगणकासमोर ऐकतो आहोत. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, चूक त्या मुलीची नव्हती. सॉफ्टवेअर शोधण्याची आणि बसवण्याची जी रीत सामान्य माणसाच्या माथी मारली आहे, तिचा हा दोष आहे.

रत्नागिरीच्या माणसाला ही रीत समजावून सांगायला खोतीचे उदाहरण पुरे आहे. जमीन कसणारे कूळ आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा असे. सारा त्याच्या हातून जाई आणि त्यात त्याचा वाटा निघे. कुळाला दुसरी वाट नसे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ चा. जमिनीवरचा खोत असा गेला. संगणकात तो वेगळ्या वेषात बसला आहे.

सॉफ्टवेअर तयार करणारा एका टोकाला आणि वापरणारा दुसऱ्या टोकाला. मध्ये डाउनलोडची पाने चालवणारे. मूळ वस्तू अनेकदा फुकट असते, म्हणून या मधल्यांची कमाई खोट्या बटणांतून आणि मूळ वस्तूच्या पाठीवर बसवून पाठवलेल्या नको त्या सॉफ्टवेअरमधून होते. चित्रे दुरुस्त करण्याच्या ‘गिम्प’ या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण पाहा. त्याच्या कर्त्यांनी २०१३ मध्ये आपली विंडोजची प्रत ‘सोर्सफोर्ज’ या प्रसिद्ध संकेतस्थळावरून काढून घेतली. फसवी बटणे आणि जाहिरातींची भेसळ हे त्याचे कारण. २०१५ मध्ये त्याच संकेतस्थळावर गिम्पच्या नावाने जाहिराती मिसळलेली प्रत दिली जात असल्याचे उघड झाले आणि गदारोळ उठला. २०१६ मध्ये मालक बदलले, नव्या मालकांनी ती योजना बंद केली. पण इतकी वर्षे जगातले जाणकार जिथे फसले, तिथे वाडीतल्या मुलीला कोणत्या तोंडाने अडाणी म्हणायचे?

आता वकील म्हणून एक मुद्दा. ‘आय ॲग्री’ दाबणे म्हणजे करार करणे. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. इंग्रजीतली लांबलचक कलमे, न वाचता पुढे जाण्याची सोय आणि आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटी! यात ‘एकच अर्थ’ कुठे आला? आपल्या आजोबांचे अंगठे सावकाराच्या कागदावर असेच उठत होते. फरक इतकाच की तेव्हा शाई बोटाला दिसत होती.

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती जुनी आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या लिनक्सच्या प्रकल्पाने सॉफ्टवेअरचे एक सामाईक कोठार उभे केले. स्वयंसेवक प्रत्येक सॉफ्टवेअर तयार करून त्या कोठारात ठेवतात. कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि आलेला माल तोच आहे का, हे संगणक स्वतः पडताळतो. एका सॉफ्टवेअरला आणखी चार गोष्टी लागत असतील तर त्याही तोच आणतो, पुढची दुरुस्तीही तिथूनच येते. वापरणाऱ्याने पानापानावर भटकायचे कारण उरत नाही. डेबियनवरच उभ्या राहिलेल्या ‘उबंटू’ने २००९ मध्ये या कोठाराला चित्रांसह मांडलेल्या दुकानाचे रूप दिले. मॅकवर असे दुकान २०११ मध्ये आले आणि विंडोजवर २०१२ मध्ये.

हे काही परदेशातले कौतुक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटू स्वीकारले. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. ज्या पक्षकाराला पुढची तारीख मोबाइलवर दिसते, त्याच्या त्या तारखेमागे हेच मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यायदानाला जे चालते ते आमच्या अभ्यासिकेला का चालू नये?

परंतु खोटी आशा दाखवणे हे चळवळीचे काम नाही. त्या घटनेनंतर आम्ही अभ्यासिकेच्या संगणकावर एक लिनक्स प्रणाली बसवली. पडदा मराठीत केला. मग त्या मुलीलाच दुकान उघडायला सांगितले. तिने मराठीत टाइप केले, ‘पीडीएफ जोडणे’. काहीच आले नाही. ‘पीडीएफ’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला तेव्हा मोठी यादी आली, सगळी वर्णने इंग्रजीत. तीन बसवून पाहिल्यावर चौथ्यात तिचे काम झाले. दुकानाची पाटी मराठी, पण आतला माल इंग्रजी बोलणाराच.

खरी गोम इथे आहे. माणसाला आपले काम ठाऊक असते, सॉफ्टवेअरचे नाव ठाऊक नसते. ‘दाखला लहान करायचा आहे’, ‘मराठी टाइप करायचे आहे’ असे तो म्हणतो. दुकानाने कामावरून वस्तू दाखवली पाहिजे. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी अक्षरे नीट दिसण्यासाठी जास्तीच्या फायली बसवाव्या लागत आणि त्यासाठी संगणक मूळ सीडी मागे. ती कुणाकडे नसे, मग शहरातल्या माणसाला पैसे देऊन बोलवावे लागे. आज अक्षरे दिसतात, पण अक्षरांनी शोधता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले गेले. त्या भाषेत साधे सॉफ्टवेअर सापडत नसेल तर तो दर्जा कुणाच्या उपयोगाचा?

दुसरा धोका असा की दुकान एकच झाले तर दुकानदारच खोत होऊ शकतो. विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये कंपनीच्या दुकानाबाहेरचे काही बसवता येत नाही; सुरक्षितता मिळते, पण किल्ली कंपनीकडे राहते. पहारा ढिला पडला तर दुकानातही चोर शिरतो. २०२३ मध्ये उबंटूच्या स्नॅप दुकानात बनावट आभासी चलनाची पाकिटे सापडली, तेव्हा नव्या नावांची माणसांकरवी तपासणी सुरू करावी लागली. म्हणून कोठार सामाईक असावे, त्याचे नियम उघड असावेत, वस्तू मूळ कर्त्याकडून आली की नाही हे ठळक दिसावे आणि बसवण्याआधी ती संगणकातले काय काय वापरणार हे चार ओळींत मराठीत सांगावे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ पासून आहे, तीत मराठीही आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि वाड्यावस्त्यांतले किती तरी जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात घालण्याआधी शासनाने ग्रंथालये, वसतिगृहे आणि अभ्यासिकांसाठी मराठी वर्णनांचे कोठार उभे करावे, ही आमची मागणी आहे.

पण शासनाची वाट पाहत बसणारा हा समाज नाही. डेबियनसारख्या प्रकल्पांत सॉफ्टवेअरच्या वर्णनांचे भाषांतर स्वयंसेवकांना करता येते, त्याला कुणाची शिफारस लागत नाही. नेट नसलेल्या वाडीसाठी डेबियनचे कोठार डीव्हीडीच्या रूपातही मिळते. ते पेनड्राइव्हवर घालून नेता येते. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या तरुणांनी रोजच्या कामाची शंभर सॉफ्टवेअर निवडून त्यांची वर्णने सोप्या मराठीत लिहिली, तर पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्या मुलाला एसटी पकडावी लागणार नाही.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीने सुरुवात केली आहे. चौथ्या प्रयत्नात सापडलेल्या सॉफ्टवेअरचे नाव आणि त्याने काय होते, हे तिने वहीच्या पानावर मराठीत लिहून संगणकाच्या वर भिंतीला चिकटवले. आता त्याखाली आणखी अकरा नावे आहेत. ती यादी भिंतीवरून संगणकाच्या आत नेणे, एवढेच काम आपल्यासमोर आहे. जयभीम!