घरचा संगणक, भाग ७ : खोटं अपडेट

साताऱ्यात किंवा सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ते अपडेट बंदच करून द्या, नसती भानगड नको." यामागची भीती खरी आहे, उपाय मात्र उलटा.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं जगभरातले संगणक कुलूपबंद केले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. पुढच्याच महिन्यात दुसरी तऱ्हा. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्याखुऱ्या अपडेटमध्येच विष कालवलं गेलं आणि त्या 'नॉटपेट्या'नं मर्स्क ही जहाज कंपनी जेरीस आणली. सांगलीची द्राक्षं ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात, तिथलं मर्स्कच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. पण असा घाला क्वचितच पडतो. आपल्या घरी येतो तो प्रकार बराच गावठी असतो.

फुकटचा सिनेमा किंवा 'क्रॅक' शोधताना पान मध्येच भरून येतं: तुमचं क्रोम जुनं झालंय, इथं दाबा. दाबलं की उतरते ती पासवर्ड चोरणारी फाइल. फ्लॅश प्लेअर २०२० अखेर कायमचा बंद झाला, तरी त्याच्या नावानं 'अपडेट' मागणारी पानं पुढेही निघतच राहिली! अलीकडची युक्ती जास्त बेरकी आहे. पडदाभर विंडोज अपडेटचं निळं चित्र येतं, टक्के पुढे सरकतात आणि मग सूचना येते: विंडोजचं बटण आणि R दाबा, मग कंट्रोल-V, मग एंटर. एव्हाना त्या पानानं एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. ती चिकटवून चालवता तुम्हीच.

सातारा जिल्ह्यातल्या कुटुंबातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले, भाऊ संजय यांनी व्हायरसवर उतारा लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. तेव्हा व्हायरस दुसऱ्याच्या फ्लॉपीतून यायचा. आता मालकच हातानं दार उघडत असेल, तर अँटिव्हायरसनं तरी किती अडवायचं?

म्हणून बघायचं ते इतकंच, की निरोप कुठून आला. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला तुमचं विंडोज अपडेट करता येत नाही. शंका आली तर सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये स्वतः जा. क्रोमसाठी कोपऱ्यातले तीन ठिपके, मग हेल्प, मग अबाउट. पडदाभर चित्र अडून बसलं, तर F11 किंवा ऑल्ट-F4.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. एमएस-सीआयटीच्या दिवसांत हौसेनं घेतलेली जुनी यंत्रं बहुधा ११ घेणार नाहीत. त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळू शकतात, तीही सेटिंग्जमधूनच. फोन करून 'तुमचं विंडोज संपलं' सांगणाऱ्याकडून नव्हे.

आणि बटण दाबून बसलाच असाल, तर आधी इंटरनेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. तो संगणक पुन्हा साफ कसा करायचा, ते पुढच्या आठवड्यात.