न दिसणाऱ्या तारा, पण कोणत्या?

लग्नाची बोलणी सुरू झाली किंवा पहिली नोकरी लागली, की वेड्यावाकड्या दातांचा विषय घरात हमखास निघतो. शाळेत असताना तारा लावायच्या राहून गेलेल्या असतात आणि आता धातूच्या तारा चारचौघांत दिसायला नको असतात. मग ‘न दिसणाऱ्या तारा लावून द्या’ अशी मागणी घेऊन मंडळी दंतवैद्याकडे जातात. अडचण अशी, की या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली सिरॅमिक ब्रेसेस. यांची रचना नेहमीच्या तारांसारखीच असते. प्रत्येक दातावर छोटे ब्रॅकेट चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. फरक इतकाच, की ब्रॅकेट स्टीलचे नसून दाताच्या रंगाचे किंवा काचेसारखे पारदर्शक असते. तार मात्र धातूचीच. दुसरा प्रकार अलायनरचा. दातांचे स्कॅनिंग करून संगणकावर आराखडा आखतात आणि त्यानुसार पारदर्शक प्लास्टिकचे पातळ साचे बनवतात. दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. तिसरा प्रकार लिंग्वल ब्रेसेसचा. यात तारा दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला असतात. त्या खरोखरच दिसत नाहीत. पण जिभेला टोचतात आणि सुरुवातीचे काही आठवडे उच्चार बोबडे होतात. शिक्षक, गायक, वकील यांनी हे आधी लक्षात घ्यावे. खर्चही सहसा सर्वांत जास्त आणि हे काम करणारे तज्ज्ञ कमी. त्यामुळे बहुतेकांची खरी निवड पहिल्या दोघांतच असते.

प्रकार कोणताही असो, दात सरकतो तो एकाच नियमाने. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर हलका दाब सतत राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. हे काम संथ चालते, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. चार महिन्यांनी लग्न आहे, तोवर सगळे करून द्या, असे म्हणून भागत नाही ते यामुळेच.

वरच्या वाक्यातला ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. सिरॅमिक ब्रेसेस चिकटवलेल्या असतात. तुम्ही झोपलात, विसरलात, कंटाळलात तरी त्यांचे काम चालू राहते. अलायनर तोंडात असेल तेवढाच वेळ काम करतो. म्हणून तो दिवसाचे २० ते २२ तास घालायचा असतो. म्हणजे काढून ठेवायला हाती उरतात दोन ते चार तास. आता आपल्या दिवसाचा हिशेब मांडा. सकाळचा चहा, नाश्ता, जेवण, चारचा चहा, संध्याकाळचे खाणे, रात्रीचे जेवण, वर बडीशेप. प्रत्येक वेळी अलायनर काढायचा, डबीत ठेवायचा, खाऊन झाल्यावर दात घासायचे किंवा निदान खळखळून चूळ भरायची आणि मग तो परत बसवायचा. अलायनर तोंडात ठेवून फक्त साधे पाणी चालते. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, डाग पडतात. आणि गोड चहा साचा व दात यांच्यामध्ये अडकून राहिला, तर लाळ तिथे पोहोचत नाही आणि दात किडू लागतात. दिवसात सहा वेळा चहा घेणाऱ्याने अलायनर निवडताना आधी चहाचा विचार करावा, हे मी गमतीने म्हणत नाही. हॉटेलात टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ठेवलेला अलायनर ताटाबरोबर कचऱ्यात जाण्याचे प्रकारही नेहमीचेच.

सिरॅमिकची बाजू मात्र सगळी उजवी आहे असे नाही. आपल्याकडे तिचा मोठा शत्रू म्हणजे हळद. ब्रॅकेट सहसा रंग धरत नाही. पण तार जागेवर धरणारी पारदर्शक रबरी कडी आमटी-भाजीने काही दिवसांतच पिवळी पडते. पुढच्या भेटीत ती बदलतात, पण तोवर ‘न दिसणारी’ तार पिवळी दिसतेच. रबरी कडी न लागणारी सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट्सही मिळतात; त्याबद्दल विचारून घ्यावे. सिरॅमिक ठिसूळ असते, त्यामुळे चिक्की, ऊस, कडक लाडू, सुपारी बंद. शिवाय ते दाताच्या वरच्या आवरणापेक्षा कठीण असते. वरचे दात खालच्या दातांना फार झाकत असतील, तर खालच्या ब्रॅकेटवर घासून वरच्या दातांची झीज होऊ शकते. अशा वेळी खाली साध्या स्टीलच्या तारा लावणे शहाणपणाचे.

दोष किती आणि कसा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. थोडी गर्दी, थोड्या फटी यांसाठी अलायनर उत्तम. सुळे किंवा उपदाढांसारखे गोलसर दात फिरवणे, दात खाली ओढून आणणे, दात काढून झालेली मोठी जागा मुळांसकट बंद करणे, अशा कामांत चिकटवलेल्या तारांचा भरवसा अधिक. अलायनरमध्येही दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, हे जाहिरातीत सहसा दिसत नाही.

मी दंतवैद्य नाही, फिजिशियन आहे. त्यामुळे मला काळजी वाटते ती हिरड्यांची. चाळिशीनंतर पुढच्या दातांत नव्याने फटी पडू लागल्या, तर त्यामागे बहुधा पायोरिया असतो. सुजलेल्या हिरड्यांत दात सरकवले, तर उरलेले हाडही झपाट्याने झिजते. आधी हिरड्यांचे उपचार, मग तारा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच सुरुवात करावी. ठिसूळ हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. या औषधांनी हाडाची घडामोड मंदावते आणि दात हलेनासे होतात. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढतात, तेही सांगावे.

म्हणूनच मोबाइलवरची जाहिरात पाहून, घरी स्कॅन करून कुरिअरने अलायनर मागवणे मला पटत नाही. एक्स-रेशिवाय मुळांभोवती हाड किती आहे, हे कळत नाही. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने असाच घरपोच व्यवसाय मोठा केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णांना दुसरा डॉक्टर शोधा, एवढेच सांगण्यात आले. बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टला प्रत्यक्ष दाखवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे विभाग आहेत. तिथे थांबावे लागते, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी.

पैसे भरण्यापूर्वी विचारावे, की आराखड्याप्रमाणे दात सरकले नाहीत तर लागणाऱ्या जादा साच्यांचे पैसे वेगळे आहेत का. आणि रिटेनरचे? तारा निघाल्या की दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून रिटेनर लागतोच. आधी जवळजवळ दिवसभर, मग फक्त रात्री, आणि ही रात्रीची सवय अनेक वर्षे ठेवावी लागते. तो गार पाण्याने धुवावा.