औषध आणि आधार

मारहाण सोसलेलें मूल दार वाजतांच दचकतें, रात्रीं जागतें, क्षुल्लक कारणानें हात उगारतें. तो हट्ट नव्हे; जीव जपण्यासाठीं जडलेली ती सवय होय. पाहणाऱ्यास मात्र ती केवळ व्याधि वाटते, आणि गोळी पुढें येते.

अमेरिकेंत हा प्रश्न आंकड्यांनीं पुढें आला. पांच राज्यांच्या २००८ सालच्या नोंदी सरकारी लेखापरीक्षकांनीं तपासल्या. आईबापांपासून दूर, सरकारी छत्राखालीं वाढणाऱ्या मुलांना मनोविकारांवरील औषधें इतर गरीब मुलांच्या २.७ ते ४.५ पट प्रमाणांत दिलेलीं आढळलीं. त्यांचें दुःखही अधिक; म्हणून सारींच औषधें अनाठायीं नव्हत. तरी २०११ सालीं राज्यांवर कायद्यानें देखरेखीचें बंधन आलें.

औषधानें कांहीं लक्षणें शमतात. भीति ओसरते ती विश्वासू माणसाच्या सहवासानें आणि आठवणींना वाचा देणाऱ्या उपचारानें. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं विचारावें, “या मुलावर काय गुदरलें?”