शाळेच्या पायऱ्या

हुबळीस ‘किम्स’ या नावाने परिचित असलेल्या रुग्णालयाच्या आवारात अखिल भारतीय जैन युवा फेडरेशनचे महावीर कृत्रिम अवयव केंद्र आहे, हे आमच्या सभासदांस सांगावयास नको. १९६८ साली जयपुरास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय घडविला, त्यावर माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जमिनीवर बसतोही. असा पाय लाभलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम काय येते? पायऱ्या.

आमच्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाऊसही चांगला. म्हणून जुन्या पिढीने इमारतींना उंच दगडी जोती घातली आणि ती योग्यच होती. त्या वेळी चाकाच्या खुर्चीचा विचार कोणी केला नव्हता, एवढेच. आज मात्र अज्ञानाची सबब उरलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत अडथळाविरहित प्रवेश आवश्यक ठरविला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या ठराविक प्रमाणात दिव्यांग असलेल्या मुलास जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. शासनमान्य खासगी शाळांनाही इमारत सुगम करणे भाग आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान नियम केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले.

कायदा झाला, रॅम्पही होऊ लागले, पण कसे? आपण व्यापारी माणसे, हिशेब पाहू. दर इंच उंचीमागे निदान एक फूट लांबी हवी. जोते तीन फुटांचे असेल तर उतार छत्तीस फुटांचा, मध्ये विसाव्याची सपाट जागा आणि दोन्ही बाजूंस कठडा. जागा वाचविण्यासाठी दहा फुटांत उरकलेला उतार तपासणीच्या कागदावर रॅम्प ठरतो. त्यावरून खुर्ची चढवावयास दोन माणसे लागतात आणि उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. ती घसरगुंडी होय.

शौचालयाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. दार तीन फूट रुंद आणि आत खुर्ची वळण्यापुरती पाच फूट मोकळी जागा, एवढी साधी मापे. ती नसली की मूल सकाळपासून पाणी पिणे टाळते. मुलींचे हाल अधिक. पुढे आजारपण येते, गैरहजेरी वाढते आणि हजेरीपटावरून नाव निघते. दप्तरात कारण लिहिले जाते, ‘पालकांची इच्छा’.

गेल्या वर्षी एका पारितोषिक समारंभास आम्ही गेलो होतो. चित्रकलेत पहिला आलेला मुलगा व्यासपीठाखालीच थांबला. पाहुणे खाली उतरले आणि टाळ्या झाल्या. मुलाने मान वर केली नाही. व्यासपीठाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी होती, आणि तीत आमच्यापैकी काहींची नावे होती.

दानशूर सभासदांस एवढीच विनंती, की यापुढे शाळेच्या खोलीसाठी देणगी देताना पाटीच्या मजकुराआधी नकाशा मागवून घ्यावा आणि तळमजल्यावरील एक वर्ग, शौचालय व पाण्याची जागा यांची मापे स्वतः पाहावीत. आमच्या संघाच्या सभागृहासही पाच पायऱ्या आहेत. त्यांची उंची तीस इंच भरली. अंगणात तीस फूट जागा सरळ मिळत नाही, म्हणून उतार भिंतीलगत वळवून घेण्याचा आराखडा बांधकाम समितीकडे दिला आहे.