गाळण्याची परीक्षा

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळालेल्या डॉक्टरला स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यापूर्वी रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली एखाद्या शाखेचे जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. इंटर्नल मेडिसिन किंवा बालरोग या शाखांसाठी ते तीन वर्षांचे, तर जनरल सर्जरीसाठी पाच वर्षांचे असते. भारतातून एम.डी. होऊन गेलेल्या डॉक्टरलाही बहुधा ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. या जागा १९५२पासून ‘मॅच’ नावाच्या पद्धतीने भरल्या जातात: मुलाखती झाल्यावर उमेदवार रुग्णालयांची आणि रुग्णालये उमेदवारांची पसंतीक्रमाने यादी देतात, संगणक त्या याद्यांची जुळणी करतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कोणाला कोठे जागा मिळाली हे जाहीर होते. मात्र पसंतीक्रम देण्याची वेळ मुलाखत मिळालेल्यांवरच येते आणि मुलाखत मिळणे अर्जावर अवलंबून असते. बहुतेक शाखांसाठी हा अर्ज ‘इरास’ या संगणकीय प्रणालीतून भरला जातो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या पदवीधराला या अर्जात जे सर्वांत अवघड वाटते, त्याचे मूळ त्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.नंतरचा प्रवेश ‘नीट-पीजी’च्या गुणानुक्रमाने ठरतो, उमेदवाराने सुट्टीत काय केले, कोणत्या रुग्णामुळे तो त्या शाखेकडे वळला, हे तेथे कोणी विचारत नाही आणि विचारण्याची सोयही नाही. एका आकड्यावर आयुष्य तोलले जाण्याची सवय झालेल्या माणसाला स्वतःबद्दल लिहायला सांगितले की तो जपून ठेवलेली सारी प्रमाणपत्रे बाहेर काढतो, कारण जास्त म्हणजे चांगले हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. अमेरिकेतही पूर्वी हा हिशेब काही प्रमाणात चालत असे. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे ‘स्टेप वन’चे, गुण चाळणीसाठी सर्रास वापरले जात, परंतु जानेवारी २०२२पासून या परीक्षेचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागू लागला. ‘स्टेप टू’चे गुण आजही दिले जातात आणि त्यांचे वजनही मोठे आहे, तरी अर्जातील उरलेल्या मजकुराकडे पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहिले जाते.

याच सुमारास अर्जाचे रूपही बदलले. पूर्वी उमेदवार हवे तितके अनुभव नोंदवू शकत असे. २०२३मध्ये सुरू झालेल्या हंगामापासून ही संख्या दहावर आणली गेली. संशोधन, नोकरी, अध्यापन, स्वयंसेवा, छंद हे सारे या दहांतच बसवायचे असते. प्रत्येक अनुभवाच्या वर्णनासाठी ७५० अक्षरांची, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून, मर्यादा असते. त्यांपैकी तीन अनुभव ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांच्यासाठी आणखी ३०० अक्षरे वापरता येतात. दहा ही कमाल मर्यादा आहे, भरती करण्याचे लक्ष्य नव्हे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका दिवसाच्या आरोग्य शिबिराची, दोन तासांच्या कार्यशाळेची आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील समितीची नोंद करून दहा रकाने भरलेला अर्ज सहा नोंदींच्या अर्जापेक्षा दुबळा ठरू शकतो, कारण वाचणाऱ्यासमोर शेकडो, कधी हजारो अर्ज असतात आणि पातळ नोंदी दाट नोंदींवरची नजर हटवतात.

निवडीचा सर्वांत उपयोगी निकष मुलाखतीतून मिळतो. अर्जात लिहिलेल्या कोणत्याही ओळीवर प्रश्न विचारता येतो, हा तेथील रूढ संकेत आहे. त्यामुळे ज्या विषयावर उमेदवार कोणाच्या मदतीशिवाय दहा मिनिटे आपलेपणाने बोलू शकत नाही, तो विषय अर्जात न घालणेच शहाणपणाचे. या निकषावर पाहिले तर मराठी मुलुखातील उमेदवार ज्या गोष्टीला गौण समजून वगळतो, तीच अनेकदा सर्वांत भक्कम ठरते. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांना बंधपत्रानुसार, बोलीभाषेत ‘बॉन्ड’साठी, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करावे लागते. सर्पदंशाचा रुग्ण, रात्री आलेली अडलेली बाळंतीण, आशा कार्यकर्तीच्या भरवशावर चालणारे लसीकरण आणि जवळचे मोठे रुग्णालय दोन तासांवर, अशा परिस्थितीत घेतलेले निर्णय हे उमेदवाराला सक्तीची औपचारिकता वाटतात. अमेरिकेतील प्रशिक्षकांना त्यांत जबाबदारी दिसते. उलट ज्या ‘ऑब्झर्व्हरशिप’साठी, म्हणजे रुग्णाला हात न लावता केवळ निरीक्षण करण्याच्या मुभेसाठी, उमेदवार मोठा खर्च करतो, तिचा उपयोग तेथील व्यवस्था जवळून पाहण्यापुरता आणि शिफारसपत्रापुरता असतो. तिची नोंद अवश्य करावी, पण प्रत्यक्ष उपचार केल्याचा आभास होईल अशा भाषेत नव्हे.

संशोधनावरील लेखांची नोंद मात्र वेगळ्या विभागात होते आणि ती दहांत मोजली जात नाही. कदाचित म्हणूनच मोह येथे सर्वाधिक असतो. लेख प्रकाशित झालेला आहे, स्वीकारलेला आहे की नुसता पाठवलेला आहे, हे स्पष्टपणे निवडावे लागते. पाठवलेल्या लेखाला प्रकाशित म्हणणे किंवा लेखकांच्या क्रमात स्वतःचे नाव वर सरकवणे ही किरकोळ सजावट नसून खोटी माहिती असते, आणि असे लेख शोधून पाहण्याची प्रथा गेली अनेक वर्षे रूढ आहे. अर्जातील गैरप्रकाराची चौकशी होऊन तिचा निष्कर्ष रुग्णालयांना कळवला जातो, म्हणजे एका ओळीची किंमत संपूर्ण अर्जाला मोजावी लागते.

प्रतिकूल गोष्टींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परवाना परीक्षेतील अपयश उमेदवाराने लिहिले नाही तरी गुणपत्रिकेत दिसतेच; पदवी आणि अर्ज यांमधील रिकामी वर्षेही तारखांवरून उघड होतात. अशा वेळी मौन पाळले तर वाचणारा आपल्या मनाने कारण कल्पितो, आणि ते क्वचितच उमेदवाराच्या बाजूचे असते. म्हणून घरातील आजारपण असो वा परीक्षेची लांबलेली तयारी, दोन-तीन सरळ वाक्यांत ते सांगून पुढे जाणे श्रेयस्कर. मात्र याचा अर्थ दुःखाचे प्रदर्शन असा नाही. आयुष्यातील असाधारण अडचणींसाठी अर्जात एक ऐच्छिक प्रश्न आहे, आणि तो सर्वांनी भरावा अशी अपेक्षा नाही. अडचण साधारण असेल तर तो रकाना कोरा ठेवण्याने काहीही बिघडत नाही.

‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणजे आत्मनिवेदन, प्रथेनुसार एका पानाचे. बालपणी आजोबांच्या आजारात पाहिलेल्या डॉक्टरांपासून सुरू होणारी निवेदने इतकी असतात की त्यांतील खरे दुःखसुद्धा ओळखू येत नाही. दुसऱ्याच्या निवेदनातील मजकूर उचलण्याचा प्रकार तर मोजलाही गेला आहे: बॉस्टनमधील एका रुग्णालयाकडे आलेल्या निवेदनांच्या २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाच टक्के निवेदनांत उचलेगिरी आढळली. शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्याकडचा ओढा पदाकडे असतो. विभागप्रमुखांची सही मिळाली की काम झाले असे वाटते. एका ठिकाणी जास्तीत जास्त चार पत्रे देता येतात, तेव्हा वॉर्डात रोज सोबत असलेल्या सहयोगी प्राध्यापकाचे तपशीलवार पत्र हे उमेदवाराचे नावही विचारून घेणाऱ्या प्रमुखांच्या चार ओळींपेक्षा निश्चित मोलाचे. पत्र पाहण्याचा आपला हक्क उमेदवाराने सोडून देणे रूढ आहे, कारण उमेदवाराच्या नजरेखालून न गेलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा अधिक विश्वास बसतो.

अलीकडे निवडीत आणखी एक भर पडली आहे ती ‘सिग्नल’ची. अर्ज कितीही ठिकाणी पाठवता येत असल्याने खरा रस कोठे आहे हे कळेनासे झाले, म्हणून आपल्या पसंतीच्या रुग्णालयांना पाठवण्यासाठी उमेदवाराला मोजके संकेत दिले जातात. इंटर्नल मेडिसिनमध्ये तीन ‘सुवर्ण’ आणि बारा ‘रौप्य’ अशी विभागणी झाली. परदेशी पदवीधराने हे संकेत केवळ नामांकित विद्यापीठांवर उधळणे धाडसाचे असते. ज्या रुग्णालयांनी पूर्वी परदेशी पदवीधर घेतले आहेत आणि जी आवश्यक त्या व्हिसावरील उमेदवार स्वीकारतात, त्यांची यादी आधी तयार करून मग संकेत वाटावेत.

अर्ज प्रमाणित करून सादर केल्यानंतर अनुभवांचे आणि लेखांचे विभाग बदलता येत नाहीत. संपर्काचा तपशील तेवढा दुरुस्त होतो आणि आत्मनिवेदन किंवा शिफारसपत्रे यांत पुढेही भर घालता येते. त्यानंतर एखादा लेख प्रसिद्ध झाला, तर तो मुलाखतीत सांगणे किंवा रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागाला छोट्या ईमेलने कळवणे एवढाच मार्ग उरतो.