कोणता चिखल्या?

हिवाळ्यात अलिबागनजीक आक्षीच्या पुळणीवर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर करड्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे इवले पक्षी दिसू लागतात. चार पावले धावायचे, थबकायचे, भक्ष्य टिपायचे ही चिखल्यांची रीत. मानेमागे पांढरी पट्टी असलेला केंटिश प्लोव्हर त्यांतून चटकन वेगळा काढता येतो. खरा पेच पडतो तो लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर या जोडीचा.

नावावरून भेद सोपा वाटेल. परंतु एकाची लांबी सुमारे २० सेंटीमीटर आणि दुसऱ्याची सुमारे २३. एकटा पक्षी दूर उभा असल्यास हा फरक जाणवतही नाही. भरवशाची खूण म्हणजे चोच. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागील कडेपर्यंतचे अंतर मनात धरावे. लेसरची चोच साधारण तेवढीच आणि टोकाशी बोथट; ग्रेटरची त्याहून लांब, जाड व निमुळती. लेसरचे पाय गडद राखी, तर ग्रेटरचे फिकट, हिरवट-पिवळसर. मात्र चिखलाने माखलेल्या पायांची साक्ष ग्राह्य धरू नये! धनादेशावरील सही आपण एका अक्षराच्या वळणावरून संमत करतो थोडीच?

म्हणूनच छायाचित्र देखणे नसले तरी चालेल, पण पक्षी अगदी बाजूने टिपलेला असावा. चोच कॅमेऱ्याकडे वळली की आखूड भासते आणि ओळख फसते. सूर्य पाठीशी ठेवून, भरती चढू लागताच वाळूवर स्वस्थ बसावे. पाण्याबरोबर पक्षी आपणहून जवळ सरकतात. त्यांच्यामागे धावणे मला मुळीच मान्य नाही. दूरच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्या उड्डाणांत व्यर्थ जाते. स्वतःहून उडाले, तर १/२००० सेकंदाच्या वेगाने टिपावे. ग्रेटरची बोटे शेपटीबाहेर डोकावतात.

आता या पेचात भर पडली आहे. २०२३ मध्ये पक्ष्यांच्या प्रमुख जागतिक यादीत लेसर सँड प्लोव्हरच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन स्वतंत्र प्रजाती मानल्या गेल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात मुख्यत्वे तिबेटन येतो. हिवाळी पिसाऱ्यात हे दोघे वेगळे ओळखणे अतिशय कठीण. परतीपूर्वी, एप्रिलच्या सुमारास, छाती तांबूस होऊ लागते. तेव्हा नराचे कपाळ पाहावे. तिबेटनचे ते बहुतांशी काळे, सायबेरियनचे पांढरे. संग्रहातील जुनी एप्रिलमधील छायाचित्रे यासाठी पुन्हा उघडून पाहण्याजोगी आहेत. मात्र त्यांवर दिनांक आणि स्थळ नोंदवलेले हवे.