बाबासाहेब आंबेडकर आणि भंडारा पोटनिवडणूक
भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) हे अर्थशास्त्रज्ञ, प्राध्यापक व स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये तेथील शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. हिंदू संहिता विधेयक रखडल्याने १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

१९५४ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली. मतदारसंघ द्विसदस्यीय असल्याने प्रत्येक मतदारास दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी आंबेडकरांचा पराभव केला. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना लोकसभेवर एकदाही निवडून जाता आले नाही. १९५२ पासून निधनापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते.